फडक्याखालचा ससा

मी रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. नव्वदच्या दशकात प्रयोगशाळेला सशाचा सांगाडा हवा होता, आणि हेडसरांनी ते काम दिलं पेणच्या एका गणपतीच्या कारखान्याला! मला पहिल्यापासून संशय. प्लास्टरचा गणपती आतून पोकळ, सगळा भार बाहेरच्या कवचावर, चिंबोरी खेकड्यासारखा. म्हणजे बाह्यकंकाल. जन्मभर बाह्यकंकाल घडवणारा माणूस सशाचं अंतःकंकाल काय कपाळ करणार?

आणायला गेलो, तेव्हा मूर्तिकाराने प्लास्टरचा सांगाडा पुढे ठेवला. मी कण्यातली एकेक कशेरुका चाचपली, बरगड्या पुस्तकाशी ताडून पाहिल्या. चूक सापडेना. पण कवटीवर फडकं बांधलेलं होतं.

"हे सोडा आधी."

"घरी नेल्याबिगर तोंड उघडायचं नाय, सर. आमची रीत हाय."

रीत कसली! कवटी फुटली असणार, नाहीतर हा दात विसरला असणार. कासू स्टेशन गेलं, निडी गेलं, गाडीत खोकं मांडीवर धरून मी मनातल्या मनात मूर्तिकाराशी भांडत होतो.

शाळेत पोचताच फडकं ओढलं. कवटी शाबूत, दात जागच्या जागी. फक्त डोळ्यांच्या खोबणी भरून त्याने त्यांत डोळे आखले होते, गणपतीचे असतात तसे, टपोरे, पाणीदार. डोळे आखल्याशिवाय त्याच्या कारखान्यातून काहीच बाहेर पडत नसे.

खरवडायला चाकू घेतला, पण नजरेला नजर भिडली आणि हात थांबला. त्यानंतर फळ्याकडे वळलो, की मला वाटायचं, मागून कुणीतरी मलाच पुस्तकाशी ताडून बघतंय.