मोटारीत बसलेला बैल

आळंदच्या तहसिलीत अच्युतराव गिर्दावर होते. गावोगाव फिरून शेतांची पाहणी करायची, बांधाची भांडणं ऐकायची आणि जागेवर बसून पंचनामा लिहायचा, हे त्यांचं काम. कुणाच्या तुरीत कुणाची म्हैस शिरली हे ते असं लिहीत, की वाचणाऱ्याला म्हशीचं मोडकं शिंगसुद्धा दिसावं. डोळ्यांनी पाहिलं नाही ते कागदावर उतरवायचं नाही, असा त्यांचा नेम. साहेब बदलले, नेम बदलला नाही.

हे लिखाण सगळं उर्दूत चालायचं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि दफ्तरात इंग्रजी येऊन बसली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या अच्युतरावांना हुकूम आला: दिवाळीनंतर गुलबर्ग्याला इंग्रजीची परीक्षा द्या, नापास झालात तर घरी बसा. घरी बसून खाण्यासारखं काही नव्हतं. शेत नाही, दुसरा धंदा येत नाही.

शारदाबाई मूळच्या सोलापूरच्या, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर तहसिलीतली मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसू लागली. शारदाबाई समोर चवळीच्या शेंगा मोडत बसत आणि शिकवत.

"पाठांतर करून तोंड उघडायचं न्हाई," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मनानं एक गोष्ट रचा आणि ती इंग्रजीत लिहा. गोष्ट पुढं न्यायची असली, की माणूस आपणहून शब्द शोधतो."

परीक्षेतही गोष्टीलाच सगळ्यांत जास्त मार्क होते, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. पहिली गोष्ट दिली राजाच्या हरवलेल्या पोपटाची. शिवशंकरप्पा कारकुनानं पोपटाचं राजकन्येशी लग्न लावून दिलं. अच्युतराव टाक हातात धरून नुसते बसले.

"राजा कोणत्या तालुक्यातला?" त्यांनी विचारलं.

"कोणत्याही."

"असं कसं, बाई? हद्द ठरायला नको?"

शेवटी त्यांनी जी गोष्ट लिहिली तिचा अर्थ असा: पिंजरा लोखंडी, दार उघडं. पिंजऱ्याच्या पूर्वेस भिंत, पश्चिमेस राजा, उत्तरेस राणी, दक्षिणेस रस्ता. मिरच्या अर्धवट खाल्लेल्या. पोपट जागेवर आढळून आला नाही. चौकशी चालू ठेवावी.

"मग पोपट सापडला का न्हाई?" शारदाबाईंनी विचारलं.

"ते मला काय माहीत? मी कुठं तिथं होतो?"

शारदाबाईंनी भुताची गोष्ट देऊन पाहिली. भूत आपण बघितलं नाही, असं अच्युतरावांनी स्वच्छ सांगितलं. "उद्या साहेबांनी साक्षीदार मागितला तर?"

"भुतालाच समन्स काढा की रावसाहेब," शिवशंकरप्पा म्हणाला. "न्हाई आलं तर जप्ती आणा त्याच्या पिंपळावर."

सगळे हसले. अच्युतराव हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं.

ते पाहून त्यांची बायको सरस्वतीबाई एका दुपारी धपाटे झाकून घेऊन शारदाबाईंकडं आल्या.

"बाई, नोकरी गेली तर आमी काय खायचं? ह्यांना एक गोष्ट कामून येत न्हाई?"

"त्यांना खोटं रचता येत न्हाई हो. फार सरळ माणूस आहे."

सरस्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. शारदाबाईंना वाटलं, रडायल्यात. पण त्या हसत होत्या, आणि हसता हसता खाली बसल्या.

"ह्यांना? खोटं? अहो, आमच्यात चातुर्मासात कांदा चालत न्हाई. आषाढी एकादस झाली की हे रोज बाजारात कांदाभजी खाऊन उशिरा यायलेत. मी विचारते, उशीर कामून? परवा म्हणे, अफजलपूरहून येताना मोटारीत बैल चढला. चढला तो सीटवर बसला, उठंना. कंडक्टर पूर्ण तिकीट मागतोय. मालक म्हणतोय, अजून दुधाचे दात आहेत, अर्धंच घ्या. मग ह्यांनी बैलाचं तोंड उघडून दात मोजले. तोवर भीमेला पूर आला. मोटार अलीकडं, कंडक्टर पलीकडं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मिशीत भजं अडकलेलं दिसत होतं. पण बैलाचं पुढं काय झालं ते ऐकायचं होतं, म्हणून गप बसले. इतकं चांगलं आमच्या घरी दुसरं काय ऐकायला मिळतंय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शारदाबाईंनी सरस्वतीबाईंना ओसरीवर अच्युतरावांच्या अगदी समोर बसवलं. हातात उलथनं दिलं.

"आता विचारा," त्या म्हणाल्या. "आणि अच्युतराव, तुम्ही उत्तर इंग्रजीत द्यायचं. यांना इंग्रजी कळत न्हाई, तेव्हा भ्यायचं कारण न्हाई."

"काल उशीर कामून झाला?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

अच्युतरावांनी उलथन्याकडं पाहिलं, आणि बांध फुटला. क्रियापदं मागंपुढं झाली, पण थांबली नाहीत. कोहिनूर गावच्या पाटलाच्या विहिरीत हत्ती पडला होता. हत्ती काढायला दोर कमी पडला. गावातल्या सगळ्या बायकांनी लुगडी दिली, ती परत वाटताना भांडणं झाली, कुणाचं कोणतं ते ठरवायला अच्युतरावांना थांबावं लागलं. शारदाबाई मधे मधे सरस्वतीबाईंना अर्थ सांगत होत्या.

"इचारा त्यांना," सरस्वतीबाई म्हणाल्या, "हत्तीला वर आल्यावर खायला काय दिलं?"

"भजी," अच्युतराव घाईत इंग्रजीत म्हणाले, आणि जीभ चावली.

तेव्हापासून रोज असंच चाललं. सरस्वतीबाईंना नवी गोष्ट मिळाल्याशिवाय घरी ताट वाढलं जाईना. अच्युतरावांची इंग्रजी सुधारली आणि पोटही सुटलं, कारण रोज उशीर करणं भागच होतं.

परीक्षेचा पेपर हातात आला तेव्हा मात्र अच्युतरावांचा टाक अडला. गोष्टीचा विषय होता समुद्रातला प्रवास. भीमेपेक्षा मोठं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि सरस्वतीबाईंना दारात उभं केलं. बायकोनं विचारलं, समुद्रावरून यायला उशीर कामून झाला?

त्यांनी लिहायला घेतलं. जहाज उभं असलेल्या जागेच्या पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, उत्तरेस पाणी, दक्षिणेस पाणी. सबब हद्दीचा वाद नाही. एक मोठा मासा वाटेत आडवा आला आणि हटेना. पंच म्हणून त्यालाच बोलावलं. माशानं सगळं कबूल केलं, पण अंगठा नसल्यामुळे कागदावर अंगठा दिला नाही. सबब उशीर झाला.

निकालाचा कागद आला त्या दिवशी तहसिलीतल्या लोकांनी अच्युतरावांना धरून ठेवलं, चहा पाजला, पेढे भरवले. घरी पोचेपर्यंत दिवे लागले.

"उशीर कामून झाला?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"निकाल लागला. पास झालो."

"मग?"

"मग काय? सगळ्यांनी चहा पाजला. आलो."

सरस्वतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी कोरडी गोष्ट तुमी आजवर कधी सांगितली न्हाई. नापास झालात अन् मला सांगंना झालात."

अच्युतराव शपथा घ्यायला लागले तशा त्या जास्तच रडायला लागल्या. शेवटी अच्युतरावांनी शारदाबाईंना आणि शिवशंकरप्पाला बोलावून आणलं, चुलीपुढं पाट टाकला आणि पंचनामा लिहिला, मराठीत. सदर गिर्दावर पास झाले असून जागेच्या पूर्वेस चूल, पश्चिमेस बायको. दोन्ही पंचांनी सह्या केल्या. शारदाबाईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

मग सरस्वतीबाईंनी डोळे पुसले, ताट वाढलं आणि वरणावर तूप सोडता सोडता विचारलं, "आता पंचांसमोर खरं सांगा. त्या बैलाला तिकीट अर्धं लागलं का पूर्ण?"

"पूर्ण," अच्युतराव म्हणाले. "दात मी स्वतः मोजलेत."