उकडलेल्या शेंगा आणि लावलेली कडी

तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडत ठेवल्या, की त्या वासासरशी मला आमच्या नालवाडीच्या घरातली वरची खोली आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथे एक जपानी तरुण भाड्यानं राहायचा, सूतकताई शिकायला आलेला. एका हिवाळ्यात त्याच्या आईनं व्हिडिओ कॅसेट पाठवली आणि आमचे हे रोज दुपारी शेंगांचं ताट घेऊन वर जायला लागले. आतून कडी, आणि दोघांचे चीत्कार! कॅसेट कसली असणार ते माझ्यासारख्या अतिशहाणीनं लगेच ओळखलं. माहेरी जायची पिशवीसुद्धा भरली. मग दार बडवून आत घुसले, तर पडद्यावर बेसबॉल! एकाच संघात प्रत्येकाचा सदरा वेगळा. "काकू, हे वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळतात," तो मोडक्या मराठीत म्हणाला, "लोक मतं देऊन निवडतात, तेव्हा एका संघात येतात. आमच्याकडे सोयाबीनच्या शेंगा अशाच उकडून, खात खात मॅच बघतात." पण चेंडू टाकणारा हसत हसत सरळच टाकत होता. "मॅच फिक्स हाये," मी म्हटलं. "नाही काकू. आज चकवायचं नाही. त्यानं जोरात टाकायचा, यानं जोरात मारायचा. लोक तेच बघायला येतात." मग मीही ह्यांना सरळच विचारलं, "दार काऊन लावता हो?" "उघडं राह्यलं का तू मले शेंगा सोलाले बसवते!" खाली येऊन मी पिशवी रिकामी केली. आजही ह्यांनी टीव्हीच्या खोलीचं दार लोटलं, की मला संशय येतोच. फक्त आता मी सोलायच्या शेंगांची टोपली घेऊनच आत जाते.