पयली सुकेळी सायबाची

मला लिहिता येतं असं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. चुकलं तर माफ करा. पण गप्प बसलो तर दुसऱ्यांदा तेच काम केल्यासारखं होईल.

नायगावच्या एका बिल्डरच्या ऑफिसात मी कॉलेज सांभाळून फॉर्म भरायचो. नोकरी लागली तेव्हा सांडोरला आमच्या केळीच्या वाडीत आईने पिकली केळी उन्हात वाळवून सुकेळी केली होती. "पयली सुकेळी सायबाची," म्हणाली. आमच्यात असंच करतात.

साहेबांनी पुडा पाहुण्यांसमोर सोडला. एक खाल्लं. बोटं चाटली. म्हणाले, "आईने गोड पाठवलं. आता तू काय आणतोस? ती रिसेप्शनची पोरगी तुझ्याच वर्गातली ना? शनिवारी बंगल्यावर घेऊन ये. पाहुण्यांना कंपनी लागते."

पाहुणे हसले. मीही हसलो. हे लिहायची लाज वाटते. पण हसलो.

मनालीला ती रिसेप्शनची नोकरी मीच लावली होती. तिला निरोप दिला. "शनिवारी बंगल्यावर बोलावलंय. काम आहे."

"कसलं काम?"

"साहेबांचे पाहुणे येणारेत."

"तुला माहितीय ना रे?" मग म्हणाली, "भडवा."

आमच्या आळीत हा शब्द पंक्चर झालेल्या टायरलाही घालतात. अर्थ कोणी विचारत नाही. मी लायब्ररीत जाऊन शब्दकोश उघडला. दुसऱ्याच्या वासनेची सोय लावणारा. मला वाटलं होतं, शिवी सापडेल. सापडलं ते माझं काम.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावरून उरलेली सुकेळी उचलली. म्हटलं, "पोरगी येणार नाही. निरोप तुमचा होता, हे मी लिहून देणार."

"केळीवाल्या, तुझं कोण ऐकणार?"

घरी आईला सगळं सांगितलं. तिने ती सुकेळी गायीला घातली.

मनालीने महिलांच्या तक्रार समितीकडे तक्रार केली. साक्षीदार म्हणून मी दोन पानं लिहिली. पहिलंच वाक्य, निरोप मी नेला.

काल तिचा फोन आला. "सोमवारी चौकशी आहे. साहेबाने लिहून दिलंय की त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला खूश करायला पोरगी तूच आणत होतास. त्याचे पाहुणेही साक्षीला असतील. सगळ्यांसमोर तुला तोच शब्द ऐकवतील. येशील?"

येणार. तो शब्द त्यांच्या आधी मीच उच्चारेन, स्वतःसाठी. मग ते काम कोणासाठी केलं, ते साहेबाकडे बोट दाखवून सांगेन. त्या वेळी त्याचे पाहुणे हसतात का, ते मला बघायचंय.