टीव्हीला उत्तर देणारे काका

आमच्या बरकतपुऱ्यातले खालच्या मजल्यावरचे काका टीव्हीशी भांडायचे, खरंच! लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मुलीची सरकारी शाळा टीव्हीवर भरायची. टीचरनं "समजलं का?" विचारलं की काकाच ओरडायचे, "नई समझा मॅडम, फिरसे बोलो!" टीचर आपली पुढच्या धड्यावर. मी वर बसून जाम हसायचे.

शाळा उघडल्यावर फॉर्म भरायला त्यांनी मला सोबत नेलं. वर्गात फॉर्म घेत बसलेल्या बाई म्हणाल्या, "सगळे पास. आठवीसाठी सही करा."

काकांनी मुलीला फळ्यावर साधा भागाकार घातला. तिला येईना.

"हिला सातवीतच ठेवा."

"तसं नाही करता येत हो."

"पप्पा, करा ना सही," मुलगी रडकुंडीला आली.

काकांनी पेन खाली ठेवलं. "टीव्ही थांबत नव्हता, बाई. तुम्ही तरी थांबा."

बाईंनी आमच्यामागच्या रांगेकडे पाहिलं. "पुढचे या."

काका जागचे हलले नाहीत.