ओपन क्लासचा पाहुणा

"ओपन क्लास ब्रायन घेईल. प्लॅन तू लिही," डेनिस म्हणाली.

डेनिस माझी मॅनेजर. आमची छोटी कंपनी अमेरिकेतल्या कॅरी या गावातल्या ऑफिसमधून कोरियातल्या शाळांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. आमची संध्याकाळ ती त्यांची सकाळ. मी नागपूरच्या शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. समुद्रकाठच्या एका लहान शाळेचा वर्ग माझ्याकडे होता. त्याचे प्लॅन मीच लिहायचे आणि शिकवायचेही मीच.

ओपन क्लास म्हणजे आईवडील मागे बसून तास बघतात तो दिवस. त्या दिवशी उपमुख्याध्यापकही येणार होते. हा वर्ग पुढच्या सत्रात ठेवायचा की बंद करायचा, हे ते ठरवणार होते.

"ब्रायन का?" मी विचारलं. ब्रायन आमच्याकडचा दुसरा शिक्षक, अमेरिकेतच वाढलेला.

"पेरेंट्सची काही एक्सपेक्टेशन असते गं."

"कसली?"

डेनिस लॅपटॉपकडे बघू लागली. तिला 'अमेरिकन वाटणारा' शिक्षक हवा होता. ते तिने म्हटलं नाही, पण मला कळलं आणि लागलंही.

लागायचं कारण होतं. तो वर्ग उभा करताना माझा घाम निघाला होता. तो जादा तास होता. पुस्तक नाही, मार्क नाहीत. परीक्षा आली की तास अर्धा, खेळाचा सराव असला की रद्द. मुलंही दर वेळी वेगळी, कधी मोठी, कधी अगदी लहान. सुरुवातीला मी नागपूरच्या सवयीने सुबक प्लॅन केले. आजच्या धड्यावर उद्याचा धडा. पण मागच्या वेळी निम्मी मुलं आलेलीच नसायची. मी प्रश्न विचारला की स्क्रीनवर माना खाली.

तिथल्या वर्गात मुलांबरोबर मिस हान ही शिक्षिका असते. एकदा तास संपल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला उत्तर माहीत आहे, हे मुलांना माहीत असतं. मग चुकायची भीती वाटते."

हे डोक्यात बसलं. मी सगळे प्लॅन मोडले आणि लहान लहान तुकडे केले. प्रत्येक तुकडा स्वतःपुरता पूर्ण, कुठलाही आधी घ्या, कुठलाही गाळा. आणि प्रत्येकात असा प्रश्न, ज्याचं उत्तर मुलांकडे आहे, माझ्याकडे नाही. आमच्या धंद्यात याला 'इन्फर्मेशन गॅप' म्हणतात. एकाला माहीत, दुसऱ्याला नाही, म्हणून बोलावंच लागतं. हळूहळू मुलं बोलायला लागली. फक्त सोयॉन नावाची एक मुलगी चॅटमध्ये टाइप करायची, माइक कधी उघडायची नाही.

हा वर्ग मी ऐनवेळी दुसऱ्याच्या हातात देणार नव्हते.

"ब्रायनला येऊ दे," मी डेनिसला म्हणाले. "पण तास मी घेणार. तो पाहुणा. पाहुण्याला काहीच माहीत नसतं, मुलं त्याला सांगतील."

ब्रायन पलीकडच्या टेबलावर होता. तो हसला. "यासाठी मला रिहर्सल लागणार नाही."

डेनिसने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "ओके. रिस्क तुझी."

त्या दिवशी स्क्रीन सुरू झाली आणि मिस हान घाईघाईने म्हणाली, "सॉरी, भाषणं लांबली. अर्धाच वेळ आहे. आणि लहान वर्गाची मुलंही इथेच बसवलीत." मागे आईवडिलांची रांग दिसत होती. मी जागच्या जागी बाकीचे तुकडे गाळले आणि एकच ठेवला.

त्या गावात समुद्री शेवाळाचे पातळ पापड वाळवतात. त्याला ते गिम म्हणतात. मुलांनी काळपट हिरवे ताव कॅमेऱ्यासमोर धरले.

"हा कागद आहे का?" ब्रायनने विचारलं.

"नो पेपर! सी!" लहान मुलं ओरडली. आईवडील हसले.

"म्हणजे समुद्रातून काढायचं आणि उन्हात टाकायचं. सोपं आहे!" ब्रायन म्हणाला.

"यू राँग," एक आवाज आला. सोयॉन उभी होती. "विंड फर्स्ट. देन सन."

"व्हाय विंड?" ब्रायनने विचारलं.

सोयॉन गप्प झाली. शब्द सापडेना. मिस हान तिच्याकडे वळली. मी पटकन चॅटमध्ये मिस हानला लिहिलं, 'प्लीज, सांगू नका.' उपमुख्याध्यापकांनी हाताची घडी घातली. माझ्या मागे डेनिसची खुर्ची कुरकुरली. बोलून टाकावं असं मलाही वाटत होतं. मी ओठ दाबून बसले.

सोयॉनने हातातल्या तावावर जोरात फुंकर मारली. तो फडफडला. "नो विंड," ती म्हणाली आणि नाक दाबलं, "बॅड स्मेल! नोबडी बाय!"

सगळा वर्ग खदखदून हसला. मग एकच गलका. दुसरा मुलगा पावसाचं सांगू लागला, एक चिमुरडी नुसतं "क्रिस्पी, क्रिस्पी" म्हणत होती. ब्रायन खरोखरच प्रश्नावर प्रश्न विचारत होता, कारण त्याला खरोखरच काही माहीत नव्हतं. मला तर मध्ये बोलायला जागाच उरली नाही. इतका छान तास मी नागपुरातही घेतला नव्हता.

तास संपल्यावर उपमुख्याध्यापक कॅमेऱ्यापुढे आले. मिस हानने भाषांतर केलं, "सर विचारतात, आजचा प्लॅन कोणाचा?"

मी हात वर केला.

"सर म्हणतात, पुढच्या सत्रात लहान मुलांसाठीही वेगळा वर्ग हवा. आणि टीचर हीच हवी."

कॉल बंद झाला. डेनिस म्हणाली, "पेरेंट्सच्या एक्सपेक्टेशनचा अंदाज माझाच होता. त्यांच्यातल्या कोणी काही म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हणाले.

आता आमच्या सगळ्या शाळांचे प्लॅन तुकड्यांचेच असतात. नवीन शिक्षकांना ते शिकवायचं काम माझ्याकडे आहे. मी त्यांना एकच सांगते: मूल शब्द शोधत असताना आपण गप्प बसायचं. सगळ्यांना हे फार सोपं वाटतं, आणि पहिल्याच तासाला सगळे मध्ये बोलतात.