सावकाश चालणाऱ्यांची रेघ

कळंबला एसटीने मला उतरवलं आणि धूळ मागे ठेवून ती निघून गेली. पुण्यातल्या सभेत सोबत यायला अनेकांनी हात उंचावले होते. स्टँडवर मी एकटाच होतो. पिशवीत वनहक्कांच्या पत्रकांचा गठ्ठा, जुना लॅपटॉप आणि उपग्रहांच्या मदतीने वाट टिपून ठेवणारी काडेपेटीएवढी डबी.

पोडापर्यंत (कोलामांची वस्ती) पायीच गेलो. दोन्ही बाजूंना वेचून संपलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं). कापसाला भाव नव्हता, म्हणून तरणी माणसं मजुरीला बाहेर गेलेली. दारांना कड्या. एका ओट्यावर म्हाताऱ्या भीमाबाई तेवढ्या बसल्या होत्या. त्यांनी भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. मी पत्रक पुढे केलं.

"वाचाले कोणी नाही बाप्पा. त्याच्यात भाकर गुंडाळून नेजो."

जंगलाकाठचं वावर (शेत) त्या लग्न होऊन आल्यापासून कसत होत्या. त्या वनजमिनीवर त्यांनी दावा केला होता आणि उद्या पाहणीचे लोक येणार होते. नकाशात हद्द दिसली नाही, तर दावा बारगळणार होता.

डबी हातात घेऊन त्या धुऱ्यावरून (बांधावरून) फिरल्या, मी मागे. गुडघा धरून थांबत, हद्दीच्या प्रत्येक दगडाला हात लावत. परतून लॅपटॉप उघडला तर पडद्यावर तुटक ठिपके. अर्धं वावर गायब.

"मावशी, मीच भराभर चालून येतो."

"वावर माह्यं. तू कायले चालतं?"

मग उमगलं. डबी मोटारींसाठी जुळवलेली होती. मोटार उभी असताना ठिपका हलू नये म्हणून फार कमी वेग ती मोजतच नव्हती. तिच्या लेखी भीमाबाई चालल्याच नव्हत्या. तसं त्यांना सांगितलं.

"मी का उभी होती? पाय मोडून राह्यले माह्ये! मंग बैलबंडी जुंपू का धुऱ्यावर?"

मीही पेटलो. इतकं हळू चालणारं माणूस मोजायचं नाही, हे कुणी ठरवलं? पण घोषणा द्यायची तर ऐकायला फक्त पऱ्हाटी होती. केबल जोडली आणि वेगाची अट शून्य करणारी आज्ञा टाईप करू लागलो.

"हे पहिलं काय लिवलं?"

"डॉलरची खूण. प्रत्येक आज्ञा तिनेच सुरू होते."

"आमच्या कापसाले नाही भेटला, डब्बीले भेटला!"

एक अक्षर चुकलं, डबी गप्प. पुन्हा लिहिलं. एक ओळ परत आली: आज्ञा मान्य.

"पुन्हा चालावं लागेल, मावशी."

त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं आणि त्या उठल्या. ऊन उतरेपर्यंत त्या चालत होत्या. या वेळी रेघ सलग आली आणि पहिल्या दगडाला येऊन मिळाली.

"आता मी दिसून राह्यली का?"

"दिसून राह्यल्या, मावशी."

दुसऱ्या दिवशी पाहणीच्या लोकांनी ती हद्द दाव्यासोबत घेतली.

पुण्यात परतल्यावर स्टँडपासून खोलीपर्यंत मी डबी चालू ठेवली आणि भीमाबाईंच्या चालीने चाललो. मागची माणसं धक्के देत पुढे जात होती. कुलूप उघडून पडद्यावर पाहिलं. माझीही रेघ सलग होती. मी दिसून राह्यलो का, असं विचारावंसं वाटलं. पण उत्तर देणारं माणूस पोडावर होतं.