गाव : झाकण, तालुका : ठाऊक नाही

चार कॉम्प्युटरवाले जमले की किस्से निघतातच. आमच्याकडे तर एकाच चुकीचे इतके साठले, की ती सापडली तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला आमचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना, पश्चिमेला ऑफिस. कारखान्यात आम्हा सात जणांचा एकेक असे सात प्रोग्राम एकाच डेटाबेसमध्ये नोंदी लिहायचे आणि रोज संध्याकाळी त्याची कॉपी मोडेमवरून पश्चिमेला जायची.

एकदा तिकडून फोन आला. "अरे, हा दुकानदार राहतो कुठे? गावाच्या जागी 'झाकण' आलंय!"

"टोपाचं की डब्याचं?" मी विचारलं. पलीकडे फोन आपटला.

* * *

आमचे प्रमुख गद्रे साहेब. त्यांचा पहिला संशय शुभांगीवर. जेसल पार्कची ही मुलगी जूनपासून प्रोबेशनवर होती, आणि तिचं कन्फर्मेशनचं लेटर साहेबांच्या सहीसाठी अडलं होतं. घरी एकटी कमावती. मला तिची खरंच काळजी वाटायची.

"नवीन माणूस, नवीन चूक!" साहेब म्हणाले.

शुभांगीने जुन्या फ्लॉप्या काढल्या. "सर, मार्चमध्ये पण एक दुकानदार 'चमचा' गावात राहतोय. तेव्हा मी नव्हते."

"ती चूक वेगळी होती!"

* * *

दुसरा संशय टेलिफोन लाइनवर. साहेबांनी ऑपरेटर फिलोमिनाला झापलं. ती तारोडी गावची, ऐकून घेणारी नव्हेच.

"सायेब, माजा फोन शिट्टी मारतो, खरखर करतो. पन दुकानदाराला झाकणात र्‍हायला पाठवत न्हाय!"

* * *

मग शुभांगीने सुचवलं, रोज एक प्रोग्राम बंद ठेवून बघूया. माझा बंद ठेवला, तरी एक 'कढई' गेली. मी खुशीत सगळ्यांना वडापाव खिलवला! तिचा बंद ठेवला, तरी 'तवा'. असे सहा झाले. राहिला साहेबांचा.

"माझा बंद होणार नाही. त्याच्यावर कारखाना चालतो!"

* * *

शेवटी शुभांगीनेच तोडगा काढला. प्रत्येक प्रोग्रामने नोंद लिहिताना शेजारी आपला नंबर टाकायचा. कॉपीबरोबर नंबरही पश्चिमेला जाईल, म्हणजे कुणी घाण केली ते तिथेच दिसेल. काहीच बंद करायला नको.

साहेब खूश! सगळ्यांसमोर लेटर टेबलावर ठेवून म्हणाले, "ज्याचा नंबर निघेल, तो या कंपनीत कन्फर्म होणार नाही. मग तो कुणीही असो!"

एक नंबर साहेबांचा, सात शुभांगीचा. संध्याकाळी कॉपी गेली. पश्चिमेहून फोन आला, तो साहेबांनीच घेतला. "गाव 'किसणी'? बरं. नंबर?"

साहेबांनी नंबर ऐकला. मग फोन ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि शुभांगीच्या लेटरवर सही करून ते तिच्याकडे सरकवलं.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "बरं झालं, मी तुझ्याआधीच कन्फर्म झालोय!"